रकाना

पावतीवर आठशे साठ.
खाडीच्या अलीकडे आठशे ऐंशी,
धक्क्यावर नऊशे,
आणि पल्याड, मोहल्ल्याच्या चढावर
नऊशे तीस.
पाणी ओलांडलं की आकडे फुगतात
भिजत घातलेल्या वालांसारखे.
मीच फुगवतो. सोळा वर्षं.

तीस तरवाल्याचे,
दहा टेंपोवरच्या पोराचे,
तीस माझे.
एजन्सीत पगाराचं विचारलं तेव्हा
शेठ म्हणाला होता, "दारात मिळतो की."

जैतूनबी होडेकरच्या पडवीत
तुळईला कोळंबीचा काटा टांगलेला.
दर वर्षी वजनमापांचा साहेब येतो,
काट्यावर शिक्का मारतो, फी घेतो,
टोपलीतल्या सुरमईकडे जरा जास्त वेळ बघतो
आणि शेवटच्या तरीनं परत जातो.
आमच्या गोदामाकडे तो वळलेला
मी कधी पाहिला नाही.
तिथला काटा अजून प्लास्टिकात आहे.
दसऱ्याला त्यालाही झेंडूचं फूल मिळतं.

त्या दिवशी ती म्हणाली,
"खाली नको ठेवूस. टांग."

सील शाबूत होतं.
कड्यावर रंगानं लिहिलेलं: पंधरा नऊ, रिकामी.
आत हवेत चौदा दोन.
दलालांशी हुज्जत घालण्यात उमर गेलेली बाई,
बेरजेला बोटं लागली नाहीत तिला:
तीस किलो शंभर.
टाकी डुलली, तुळई करकरली,
काटा दोनदा पुढे-मागे झाला
आणि अठ्ठावीस सहाशेवर उभा राहिला.

आत बाळंतीण लेक. मूल रडत होतं.
शेकाला विस्तव हवा होता, न्हाणीत कढत पाणी,
आणि जुनी टाकी रात्रीच फुसफुसून गेलेली.
मला वाटलं, घेईल.
नड असते त्या दिवशी
कोण वजन करतं?

"दीड किलो कुठं सांडलं रे? खाडीत?"

काय सांगू?
हा चढ चढताना
एखादी टाकी हलकी लागायची
तेव्हा मला बरं वाटायचं.
मनात म्हणायचो, आज वाघजाई पावली.
माझ्या पाठीला मिळालेला तो आराम
कुणाच्या तरी भाकरीखालून काढलेला होता,
हे पडवीत उभं राहून
मला आत्ता कळत होतं,
आणि ती उत्तराची वाट बघत होती.

"ही परत ने. पुरती भरलेली आण,
आठशे साठ मोजून देते.
तुझी मजुरी काय ती सांग, तीही देते.
पण पावतीवर लिहून."

मी पावती उलटीसुलटी पाहिली.
दर आहे, कर आहे, ग्राहक क्रमांक आहे,
मागे मुंगीच्या अक्षरात
वजन करून घेणे हा आपला हक्क आहे, असंही आहे.
मला रकाना नाही.

घरात पेन सापडेना.
मग तिनं बर्फाच्या पेट्यांवर नाव घालायचा
जाडा मार्कर आणला
आणि कोऱ्या कडेला लिहिलं:
तर, तीस. टेंपो, दहा. चढ, तीस.
हात थांबला.
"नाव काय तुझं?"
सोळा वर्षं मी 'गॅसवाला' होतो त्या दारात.
"रोहिदास बेंडल," मी म्हटलं,
आणि उगाच घसा खाकरला.

निघालो तेव्हा मागल्या दारी धूर.
सोडणं ओली होती.
ती फुंकणीनं फुंकत होती, खोकत होती,
मध्येच मुलाला आतून हाक देत होती.

ओहोटी लागलेली,
तर धक्क्यापासून लांब.
गुडघाभर चिखलातून टाकी खांद्यावर घेऊन गेलो.
खिशातल्या पावतीवर मार्करची शाई
पलीकडून उमटली होती,
आठशे साठच्या अगदी अंगावर.

तरवाल्यानं वल्हं आडवं धरलं.
"भरलेली टाकी परत?
आणि हिचं भाडं
कुणाच्या नावावर लिहू?"