घट

तिसऱ्यांदा सरांनी शीर्षकावर पेन्सिल ओढली.
'खानापूर तालुक्यातील गलाई व्यावसायिकांचे स्थलांतर :
एक समाजशास्त्रीय अभ्यास.'
"अगं, एवढ्यात तर जनगणना होईल.
एम.ए.चा प्रबंध आहे. बारीक कर."
मुजावर सर चहा बशीत ओततात
आणि बशीवरूनच बघतात :
"आणखी बारीक."

सांगली ते विटा, एसटीत मांडीवर फाइल घेऊन
मी तालुका काढला. मग गावं काढत गेले.
तासगावच्या पुढं लेंगऱ्याची एक गल्ली उरली.
सतरा घरं. त्यातली अकरा कुलूपबंद, यात्रेपुरती उघडणारी.
उरलेल्या सहांतलं एक आमचं :
दोन मजले, ग्रॅनाइटचा जिना,
वर कुणी झोपत नाही.
आम्ही दोघी स्वयंपाकघरातच राहतो.
हे प्रस्तावनेत घालू का, विचारलं
तर सर म्हणाले, घाल, पण तृतीय पुरुषात.

पप्पा सेलमला असतात. एकोणीस वर्षं
सोनारांच्या दुकानातला केर विकत घेतात.
झाडून काढलेली धूळ, हात धुतलेलं पाणी,
वर्षभर वापरलेली पायपुसणी सुद्धा.
जाळतात, मुशीत घालतात, तेजाब ओततात,
तळाशी राहील ते सोनं.
जे गेलं ती घट.
घट आधीच धरून चालायची असते, ते सांगतात,
नाहीतर माणूस या धंद्यात रडतो.

आमच्या जिल्ह्यात पिवळं म्हटलं की लोकांना हळद दिसते.
पप्पांच्या बोटांचं पिवळं साबणानं जात नाही.
कातडी बदलली की जातं,
पण तोवर त्यांची सुट्टी संपलेली असते.

पूर्वसाहित्याचा आढावा घ्यायला कोल्हापूरला गेले.
ग्रंथालयात चार प्रबंध सापडले, चारही जाडजूड.
भांडवल, भाऊबंदकीचं जाळं, उत्पन्नातली वाढ,
कोष्टक ४.२ : गावाकडे पाठवलेली रक्कम.
ती रक्कम कुणी मोजून घेतली,
कुणी फोनवर 'पोचली' म्हटलं
आणि फोन ठेवून मग काय केलं,
याला रकाना नव्हता.
पोकळी सापडली, असा सरांना मेसेज केला.
त्यांनी नुसता अंगठा पाठवला.

रात्री आईला प्रश्नावली वाचून दाखवली.
ती लसूण सोलत होती.
"प्रश्न चौदावा. पतीच्या अनुपस्थितीत
कुटुंबातील निर्णय कोण घेते?"
"हे कुणाला इचारणारेस?"
"गल्लीतल्या सहाजणींना. त्यात तूही."
"माझं नाव नगं. आन पैशाचं तर काईच लिवू नगं."
"नाव नसतं गं. क्रमांक असतो."
तिनं हात पदराला पुसले, पान स्वतःकडं ओढलं,
बोट ठेवून वाचलं :
"गृ-ही-त-क. हे काय असतंय?"
"अभ्यासाच्या आधीच धरून चालायचं ते.
खरं का खोटं, नंतर बघायचं."
पाकळीत नख घालत ती म्हणाली,
"मंजे मी."

मी हसले. ती हसली नाही.

साडेनऊला पप्पांचा फोन.
जेवलात का, गॅस आला का, पोरीचं काय चाललंय.
दोन मिनिटं चाळीस सेकंद.
मागं कुणीतरी तमिळमध्ये वजन सांगत होतं.
"लिवतीया," आई म्हणाली.
"कशावर?"
तिनं माझ्याकडं बघितलं, जरा जास्तच वेळ.
"धंद्यावर," म्हणाली.

सकाळी विट्यात, स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडं
तीन प्रती काढल्या.
मर्यादांच्या परिच्छेदात शेवटी एक ओळ आहे,
पहाटे घातलेली :
'संशोधक ही उत्तरदाती क्रमांक चारची मुलगी आहे.'
सर ती खोडतील.
किंवा पेन्सिल तिथं थोडी थांबेल,
चहा बशीत निवत जाईल.

"कव्हरवर काय टाकू?" झेरॉक्सवाल्यानं विचारलं.
सांगलीची गाडी फलाटाला लागत होती.
"विषयाची जागा सोडा," म्हटलं,
"बोटभर."