बांगडीचं माप

मिरजेच्या ओपीडीत, खिडकी सहासमोरच्या बाकावर
मी प्रश्न वाचतो, अक्काताई मगदूम ऐकतात.

टबातून बाहेर येता येतं का?
"टब म्हंजी धुण्याचा?"
कागद कुठल्याशा थंड देशातून आलाय,
पुण्यात कुणीतरी त्याला मराठी केलंय.
मी टब खोडतो, न्हाणीचा दगड लिहितो.
"बसतीया की. उठवायला सून."

नळ फिरवता येतो?
"नळ मंगळवारी येतो."

गेल्या आठवड्यात कामं करताना त्रास:
अजिबात नाही, थोडा, फार, की जमतच नाही?
"न जमून कसं चालंल? बेदाण्याचा सीझन हाय.
काड्या निवडताना बोटं रडत्यात, मी न्हाई."
चौकटी चारच. मी पेन टेकवून तसाच.

मग त्याच विचारतात,
"तुमच्या कागदात बांगडी न्हाई व्हय?"
सावळजच्या बाजारात जरीनाबी भरते.
लग्नात दोन-चार,
दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन-सहा,
औंदा साबण लावून दोन-दहा,
तीही सांध्यांवर अडली,
जरीनाबीनं दाबलं आणि मान फिरवली.
एकदा चढली की मात्र
थेट कोपराकडं घसरते.
मनगट वाळलंय.

मी बेरीज करतो: तीनपैकी पावणेदोन.
समासात पेन्सिलीनं: दोन-दहा.
मॅडम विचारतील, हे कसलं एकक?

सहीला त्या पेन मुठीत धरतात.
ग पाशी थांबून हात झाडतात.
स्टँडवर सावळजची गाडी लागली असेल.
त्या दूचा ऊकार
दीर्घच काढतात.