पद्मावतीचं तिकीट

नऊ वर्षं मी कात्रजचं तिकीट काढलं
आणि पद्मावतीला उतरलो.
क सुटतो माझा. प अडकतो.
रोज संध्याकाळी पाच रुपये जास्त,
एका अक्षराला वळसा घालायचं भाडं.

नाव पुरुषोत्तम. सांगतो उत्तम.
पुरुष आतच राहतो.
पोहे हवे असताना किती वेळा उपमा खाल्लाय,
ते मला आणि त्या वेटरलाच माहीत. वेटरलाही नसेल.

चौथीत कविता म्हणायला उभा राहिलो,
पहिल्याच ओळीत गाडी रुतली.
गुरुजी ओरडले नाहीत. मायेनंच म्हणाले,
‘बस बाळ. बोलणं तुझं काम नाही.’
वर्गही हसला नाही.
हसला असता तर निदान भांडता आलं असतं.

मग न बोलायचं काम शोधलं.
अप्पा बळवंत चौकाच्या मागे, जिन्याखालच्या खोलीत
मुद्रितं तपासायची.
शिंत्रेबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं,
‘वाचू नका हो. वाचलंत की वाहून जाल.
अक्षर बघा. मग त्याच्या पुढचं.
मन पळालं तर पळू दे,
बोट जिथं होतं तिथं परत या.
आणि स्वतःवर चिडत बसू नका, पानं पुष्कळ आहेत.’
बाई ध्यानबिन काही करत नाहीत.
दीडला डबा, चारला चहा, मधे अक्षर.

ते बोट एकदा आतल्या पानावर गेलं.
मार्गशीर्षातला गुरुवार, मंडईच्या थांब्यावरच बस गच्च,
कंडक्टर बाई मशीन सांभाळत माझ्यापाशी आली.
‘कुठं, काका?’
आणि नेहमीसारखं ते वाक्य आलं:
मला जमणार नाही.

या वेळी मी ते वाचलं नाही. बघितलं.
म. ल ला काना.
जुना टाईप, शाई जरा फुटलेली.
ही जुळणी माझी नव्हतीच.
चाळीस वर्षं मी दुसऱ्या कुणाच्या कच्च्या प्रुफावर
‘छापण्यास योग्य’ लिहून सही करत आलो होतो.

खोडलं नाही.
समासात फक्त एक प्रश्नचिन्ह दिलं.

मग बाकीचं दिसायला लागलं.
दांडा गार.
बरगड्यांखाली एक मूठ, माझीच, पण कधी वळली कळलं नाही.
कुणाच्या तरी पिशवीतली शेवंती.
श्वास गळ्यापाशी उभा,
चप्पल काढावी की नाही अशा पाहुण्यासारखा.
प म्हणजे काय, दोन ओठ मिटतात आणि उघडतात.
मिटले.
उघडेनात.
प
प
‘सांगा की लवकर,’ मागून कुणीतरी.
तेही ऐकलं.
प
पद्मावती.

आभाळ कोसळलं नाही, बसही थांबली नाही.
बाई म्हणाली, ‘सुट्टे द्या.’

उतरून मी थांब्यावर बराच वेळ
ते वाचलेलं नाणं मुठीत धरून उभा होतो.
दोन बस गेल्या. माझी कुठलीच नव्हती.

शुक्रवारी पुन्हा कात्रजच म्हणालो.
लपवत नाही.
पण तेव्हाही बघितलं,
क कसा लगबगीनं पुढं होतो
थोरल्या भावासारखा, धाकट्याला पाठीशी घालून.
त्याचा राग नाही आला.
बिचारा नऊ वर्षं माझ्यासाठी कात्रजला जातोय.

शिंत्रेबाईंना यातलं काही ठाऊक नाही.
शनिवारी चारला त्यांनी विचारलं,
‘चहा सांगू ना, उत्तमराव?’
मी म्हटलं, ‘बाई, माझं नाव
पु’
आणि अडकलो.

त्यांनी चष्मा काढला,
हातातलं प्रूफ पालथं ठेवलं.
चहा खालून यायला अजून वेळ होता.