झुलाल आप्पांची पिशवी

बियाण्याच्या कंपनीची पिवळी पिशवी.
आप्पांनी ती काउंटरवर उपडी केली
जिनिंगमध्ये सरकी ओतावी तशी.
कात्रीने कापलेल्या स्ट्रिपा,
नाव एका तुकड्यावर, तारीख दुसऱ्या,
आणि रबर लावलेल्या चिठ्ठ्या:
अमळनेरची, धुळ्याची,
एक सुरतेची, मुलाकडे राहिले होते तेव्हाची.

चाळीस वर्षं गठाणी मोजणारा माणूस.
आता गोळी मोजताना बोट थरथरतं.
"हाई हातनी गोळी दे व माय,
आज नवी लिखेल शे."

मी चिठ्ठी वाचली. मग पिशवी वाचली,
शेवटापासून मागे.
दाबाची गोळी, तिने पाय सुजले.
सुजेवर लघवीची, तिने रात्रीतून चारदा उठणं.
उठलं की भोवळ, म्हणून भोवळेची,
महिन्यापुरती दिलेली, चौदा महिने चाललेली.
आणि आता हात.
विहिरीत पडलेली बादली काढायला दुसरी सोडावी,
तिला काढायला तिसरी,
दोर मात्र एकच, आप्पांचा.

स्टुलावर बसवून दाब घेतला: एकशे तीस.
उभं केलं: एकशे दोन,
आणि त्यांनी नकळत माझं शोकेस धरलं.

शिरपूरच्या कॉलेजात हे सगळं शिकवलं होतं मला.
डॉक्टरला सांगायचं कसं, ते नव्हतं शिकवलं.
चिठ्ठी आली की माल काढावा, पाकीट बांधावं,
हाच गल्लीतल्या पाच मेडिकलांचा रिवाज.

गेल्या पौषात यमुनाबाई भावसार आल्या होत्या.
झोपेची गोळी, त्यावर गुंगी आणणारं खोकल्याचं औषध.
मला दिसलं होतं.
बाजाराचा दिवस, दारापर्यंत गर्दी,
मी पाकीट बांधलं.
तिसऱ्या रात्री न्हाणीच्या उंबऱ्याशी त्यांचा खुबा मोडला.
बिल एकशे बेचाळीस रुपये.
आकडा का लक्षात राहावा?

फोन लावला.
"साठ पेशंट बसलेत, बोला," डॉक्टर फेगडे.
वाक्य आधी मनात घोळवलं होतं,
त्यात 'चुकलं' हा शब्द येऊ द्यायचा नव्हता.
"सर, विचारायचं होतं.
हाताचा कंप भोवळेच्या गोळीने आला असेल का?"
"कुठली गोळी? मी नाही लिहिली."
"नाही सर. धुळ्याची आहे, सुरतेत डोस वाढला.
तुमच्यासमोर आली नसेल.
पिशवी आज माझ्यापुढे आलीय."

पलीकडे पंख्याची घरघर,
कुणाचं तरी मूल रडत होतं.
मला वाटलं, फोन ठेवला.
"उभं करून दाब घेतलात?"
"घेतला सर."
आकडा सांगितला.
"पाठवा परत. पिशवीसकट."

आप्पा माझ्याकडे बघत राहिले.
"गोळी ना देणारं मेडिकल
मी पहिलांदाव दखं."
पिशवी उचलली, रागाने की काय,
आणि भिंतीच्या कडेकडेने गेले.

तीन महिन्यांनी आले, थंडीत, मफलर बांधून.
चिठ्ठीवर दोन ओळी खोडलेल्या,
दाबाची गोळी बदललेली,
आणि खाली बारीक अक्षरात, डॉक्टरांच्याच:
नवीन काही लिहिल्यास मेडिकलवाल्या ताईंना पिशवी दाखवणे.
हात अजून थोडा हलतो.
सगळं काही परत येत नसतं.

पैसे मोजून दिले त्यांनी, सुटे.
एक नाणं घरंगळलं, पायरीखाली गेलं.
"राहू द्या आप्पा," म्हणेपर्यंत ते वाकले.
मी काउंटरच्या या बाजूला
शोकेसची कड धरून उभी.
आप्पा उठले.
नाणं फुंकलं, काचेवर ठेवलं.
"मोजी ले," म्हणाले.