हे बरं, की हे?

ठाकुरद्वारच्या दुकानात
दिवसाला वीसेक माणसांच्या नाकावर
मी ती जड गोल फ्रेम चढवते
आणि एकेक भिंग सरकवत विचारते,
हे बरं, की हे?
आता बघा. हे, की आधीचं?
पाव नंबर कमी, पाव नंबर जास्त,
अक्ष एकशे दहा, एकशे पंधरा, परत एकशे दहा.
माणसं वैतागतात. पण सांगतात.

माझा नंबर काढायला मात्र
परळच्या ओपीडीत साडेतीन मिनिटं पुरली.
उदास, की उत्साही?
मी म्हटलं, दोन्ही, एकाच वेळी.
डॉक्टरांनी वर न बघता एका रकान्यात खूण केली.

सहा वर्षांत चार नावं मिळाली.
पहिलं लागलं तेव्हा झोप येत नव्हती,
दुसरं लागलं तेव्हा झोपेतून मीच येत नव्हते,
तिसऱ्याने अकरा किलो वजन दिलं,
चौथ्यापुढे कंसात होतं, अनिर्दिष्ट.
आई म्हणाली, काविळीला कावीळ म्हणतात,
तुझ्या आजाराचं बारसं किती वेळा घालायचं?

मला सांगायचं होतं ते असं:
दसरा सरला की पाच-सहा आठवडे
दुपारी चारच्या सुमाराला
वस्तू जरा पुढे येतात.
काउंटरवरचा स्टेपलर. पेंढरकर काकांचा पानाचा डबा.
येतात, आणि काही बोलत नाहीत.
(आवाज ऐकू येतात का? नाही.
मग पुढचा प्रश्न.)
त्यानंतर दोन रात्री वेग.
आनंद नाही हो, नुसता वेग,
मीटर टाकलेल्या रिकाम्या टॅक्सीसारखा,
आणि मागच्या सीटवर कुणीतरी रडत बसलेलं.

रकान्यांवर माझा राग नाही.
फुटपाथवर दीडशेला तयार चष्मे मिळतात,
दीड, दोन, अडीच,
पुष्कळांचं त्यावर भागतं.
पण ज्याचं बुबुळच तिरकं घडलंय,
ज्याला उभी रेघ दिसते आणि आडवी विरघळते,
त्याच्या हातात दोन नंबर ठेवून
आता दिसायलाच हवं म्हणणं

यमुनाबाई तांडेल ससून डॉकला कोळंबी सोलतात.
यंत्राने काढलेला नंबर घेऊन
तीनदा परत आल्या.
"बाय, अक्षरां दिसतान. कोलंबीची शीर नाय दिसत."
काका म्हणाले, यंत्राचं ऐकायचं,
मग माणसाला विचारायचं.
शेवटी तक्ता बाजूला ठेवला,
त्यांच्या हाताचं अंतर पट्टीने मोजलं
आणि त्या शिरेवर नंबर लावला.

भायखळ्याला, दुसऱ्या मजल्यावर,
डॉक्टर निलोफर मुकादम
चारही कागद वाचून झाल्यावर म्हणाल्या,
"चारला उजेड उतरतो म्हणून,
की जेवून तीन तास होतात म्हणून?"
मला उत्तर आलं नाही.
सहा वर्षांत पहिल्यांदा
उत्तर न येण्याजोगं कुणी विचारलं होतं.

हाताचं सांगितलं. गिऱ्हाईकाच्या डोळ्यासमोर
भिंग फ्रेमवर किणकिणतं.
त्यांनी 'कंप' लिहिलं नाही.
लिहिलं: भिंग वाजतं.
रक्ताचा रिपोर्ट पाहिला, बोटं पसरायला लावली,
म्हणाल्या, नावाचं मला आज माहीत नाही.
कदाचित चौथंच राहील.
रात्रीची पाव गोळी कमी करून बघू.
चौदा दिवस. रोज एक ओळ लिहून आणा.
मनाने काही बंद करायचं नाही.

गोळीचे चार भाग कधी सारखे होत नाहीत.
ब्लेडखाली थोडी भुकटी सांडते,
ती मी बोटाने टिपून वहीच्या कडेला पुसते.

आज नववा दिवस, मंगळवार.
चार वाजून दहा.
स्टेपलर जागेवर.
पानाचा डबा किंचित पुढे,
की काकांनीच सरकवला?
हे बरं, की आधीचं?
थांबा.
परत दाखवा.