प्रश्न क्रमांक चौदा

"ऑनलाइन पद्धतीने शिकणे मला समाधानकारक वाटते."
खाली पाच गोल.
पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत.
एकावरच टिचकी मारायची, वायकोळे मॅडम म्हणाल्या,
आणि रात्री आठच्या आत.

मॅडम, मी धाब्यावर बसलेय.
किनगावात आमच्या घराला रेंज इथेच येते, टाकीच्या पूर्वेला,
जिथून केळीच्या बागा थेट सातपुड्याला टेकलेल्या दिसतात.

सहमत म्हणू, कारण
शिरेत सुई कशी जाते ते मी अकरा वेळा मागे नेऊन पाहिलं.
वर्गात तुम्ही अकरा वेळा दाखवलं नसतं,
मीही विचारलं नसतं.
पंचेचाळीस अंश, नव्वद अंश, कोन पाठ झाले.
मग सुई टोचली भरताच्या वांग्याला.
आई म्हणाली, काय करून ऱ्हायली वं, वांगं नासवलं ना!
वांगं काहीच म्हणालं नाही.
तीच तर अडचण आहे, मॅडम.
वांगं हात मागे घेत नाही.

असहमत म्हणू, तर प्रमिला वळवी.
ती धडगावकडची टेकडी चढते हजेरीपुरती.
आम्हाला दिसतो एक काळा चौकोन, त्यात "प्र".
होस्टेलात तिची कॉट माझ्या शेजारी होती.
झोपेत हाडांची नावं पुटपुटायची,
मनगटाच्या आठातलं एक नेहमी विसरायची.

परवा कापणीच्या टोळीतल्या धनसिंगदादाचा अंगठा
विळ्याने फाकला.
लोक म्हणाले, नर्सबाईला बोलवा.
नर्सबाई म्हणजे मी.
मी व्हिडिओ लावला. आधी जाहिरात आली, गोरं होण्याच्या क्रीमची.
पाच सेकंद आम्ही दोघंही तिच्याकडे बघत राहिलो.
ओट्यावर रक्त ठिबकत होतं,
त्याच्या सदऱ्यावर केळीच्या चिकाचे जुने काळे डाग.
मग मी फोन पालथा ठेवला.

दाबून धरलं. हात छातीच्या वर.
दुसऱ्या मनगटावर तीन बोटं ठेवली,
आणि लागली की हो नाडी,
जरा घाईत, पण लागली.
पूर्ण मिनिट मोजायचं असतं, माहीत आहे.
चाळीसपर्यंत मोजलं आणि विसरले.
त्यालाच विचारलं, दादा, चक्कर येतेय का?
तो म्हणाला, तुला येतेय का, बाई?

आठला चार मिनिटं कमी.
डेटा संपल्याचा मेसेज येऊन गेलाय,
"इतर" म्हणून लिहायला जागाच ठेवली नाही तुम्ही.
एक गोल दाबलाय.
कुठला ते अंधारात नीट दिसलं नाही,
आणि बोटाला अजून बेटाडीनचा वास आहे.