आधी पुडिंग

नाव पुडिंग, पण गोड नव्हे.
मैदा, अंडं, निम्मं दूध, निम्मं नळाचं पाणी,
चिमूटभर मीठ; काट्यानं फेटायचं
मनगट पुरे म्हणेपर्यंत, आणि त्यानंतरही थोडं.
मग तासभर खिडकीत झाकून ठेवायचं.
आई म्हणे, दमलेल्या पिठाला फुगता येत नाही.

पत्र्याचा चौकोनी ट्रे, काळा कुळकुळीत.
त्याला साबण कधी लागला नाही,
वर्तमानपत्राच्या बोळ्यानं पुसायचा, एवढंच.
त्यात चरबी, धूर निघेस्तोवर तापलेली,
वरून एका दमात ओतलेलं पीठ:
चर्र झालं की आम्ही तिघं गप्प.
भट्टीचं दार मध्येच उघडलं तर पुडिंग बसतं,
म्हणून घरात कुणी जोरात चालायचंसुद्धा नाही.
बाबा नुसत्या मोज्यांवर हिंडायचे.

बार्न्सलीच्या बाजूला, आमच्या गल्लीत
रविवारी पुडिंग आधी यायचं, एकटंच,
कडा उंच, मध्ये खळगा, खळग्यात कांद्याची ग्रेव्ही.
मांस मागाहून.
आणि आईचा कायदा, तिच्या आईकडून आलेला:
"जो पुडिंग जास्त खाईल, त्याला मांस जास्त."
व्हर्नन चार तुकडे खायचा, पाचवा मागायचा,
आणि मांस येईतो पट्टा सैल करून भिंतीला टेकलेला.
मग एकेक काप, पलीकडची खिडकी दिसेल इतका पातळ.
उरलेलं सोमवारी थंड, मंगळवारी बटाट्यात,
बुधवारी हाडाचं सूप.
आईचं गणित आम्हाला फार उशिरा सुटलं.

सव्वीस सालचा उन्हाळा. मालकांनी खाणीला कुलूप घातलं.
कोळशाच्या गावात आम्ही
ढिगाऱ्यावरून कोळसा वेचत होतो, बादलीत, अनवाणी.
को-ऑपची उधारी संपत आलेली.
परसातल्या कोंबड्यांपैकी एकच अजून मन लावून अंडी देत होती.
तरी त्या रविवारी पुडिंग फुगलं.
त्या रविवारीही आई मागच्या पायरीवर बसून
मांसाच्या सुरीला धार लावत होती,
पातं दगडावर, सर्र, सर्र,
नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.
तिनं कायदा म्हटला. आम्ही खाल्लं.
व्हर्ननचे पाच तुकडे, सहावा माझ्या ताटातला.
मग सुरी हातात घेऊन ती उभी राहिली:
"बोला, आता मांस कुणाला हवंय?"
"मला नको," व्हर्नन, सगळ्यांत आधी, सगळ्यांत मोठ्यानं.
त्याचं ऐकून एल्सी नको, मग मी.
बाबा खिडकीबाहेर बघत होते.
"मग उद्याला ठेवते," आई म्हणाली,
आणि सुरी पुसून खणात ठेवली.
पुसण्यासारखं तिला काही लागलं नव्हतं.

व्हर्नन अडुसष्टचा झाला त्या दिवशी
हॅरोगेटच्या हॉटेलात पुडिंग आलं
मांसाच्याच बशीत, कपाएवढं, शेजारी तीन गाजरं.
त्यानं बशी परत पाठवली.
"आधी हे. एकटं. ते नंतर."
वेटर पोरगं गोंधळून आत गेलं.
मग माझ्याकडे न बघता म्हणाला,
"तिनं मला हॉर्सरॅडिश आणायला कोठीत धाडलं होतं.
जाळीच्या कपाटात एक बशी होती, पालथी.
मी उचलून पाहिली."
बस. पुढे मिठाची कुपी मागितली.

हॉर्सरॅडिश कशाला, मी विचारत राहते,
मांसच नसताना?
सवयीनं बोलून गेली असेल.
की घरात एकाला तरी ठाऊक असावं,
नको म्हणायची सुरुवात करायला,
आणि तिनं तिघांतला सर्वांत अधाशी निवडला?

एल्सीच्या सुनेनं तो ट्रे साबणानं घासला.
आता पीठ चिकटतं. असो.

रात्री झोप आली नाही की मला ती दुपार ऐकू येते:
आमच्या पायरीवर आईची सुरी,
भिंतीपलीकडे मिसेस क्लेगची,
त्यापुढे ब्रॅमॉलांची, कोपऱ्यावर म्हाताऱ्या पिकल्सबाईंची,
सर्र, सर्र, अख्खी ओळ,
धुराड्याधुराड्यातून तापल्या चरबीचा वास.
खाटकाचं दुकान बुधवारपासून बंद होतं.